वीणा खाली ठेवत नाहीत

अखंड हरिनाम सप्ताहाच्या मंडपात पहाटेच्या आधी पहारा बदलतो, तेव्हा बघायला सहसा कुणी नसते. कीर्तन आटोपून गाव झोपलेले असते. ट्यूबलाइटभोवती किडे फिरत असतात, सतरंजीच्या कडेला दोन-तीन म्हातारे कांबळे ओढून लवंडलेले असतात आणि मध्ये एकजण गळ्यात वीणा अडकवून उभा असतो. त्याची पाळी संपत आली की पुढचा माणूस तोंडावर पाणी मारून येतो. दोघे वाकून एकमेकांच्या पायांना हात लावतात आणि वीणा एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. या साऱ्यात ती जमिनीला टेकत नाही, तार मुकी होत नाही आणि नामही तुटत नाही; पहिल्याच्या ओठांवरचे संपायच्या आत दुसऱ्याने ते उचललेले असते. सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांच्या नावाने भरणारा प्रचंड सप्ताह असो, नाहीतर नेवासे-शेवगावकडच्या एखाद्या वाडीवरचा शंभर-दोनशे माणसांचा, रिवाज हाच. सात दिवसांत कितीतरी गळे आणि कितीतरी बोटे बदलतात. डोळे मिटून पडलेल्या म्हाताऱ्याला मात्र एकच वीणा ऐकू येत राहते. हात बदलला हे त्याला कळतही असेल, बोटाच्या जोरावरून, नाम घेण्याच्या हेलावरून. पण कळले म्हणून तो डोळे उघडत नाही.

अशाच एखाद्या गावात चैत्रात जत्रा भरते आणि देवळापुढच्या पटांगणात स्टेज उभे राहते. स्टेजच्या कोपऱ्यात घडीच्या स्टँडवर कीबोर्ड असतो. गावात त्याला कॅसिओ म्हणतात, मग त्यावर नाव यामाहाचे असो, रोलँडचे असो की कोर्गचे. कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणण्यातला हा प्रकार. वाजवणारा गौळणीला बासरी घेतो, लावणीला पेटी, हिंदी गाणे आले की व्हायोलिनांचा ताफा आणि मधल्या पीसला सनई. याला वादक टोन बदलणे म्हणतात. बासरीचा सूर लांबत असतो, बोट बटणाकडे जाते आणि नेमक्या त्या क्षणी बासरी मान मुरगळल्यासारखी बंद पडते. तिच्या मागे रेंगाळणारा घुमाराही तिच्याबरोबर जातो. निमिषभर पोकळी पडते आणि मग पेटी उगवते, बहुधा बासरीच्या दुप्पट आवाजात. गाणारी बाई तेवढा वेळ अधांतरी असते. हा दोष कुणी वादकाच्या हाताच्या खात्यावर टाकतात, कुणी यंत्राच्या किमतीच्या. दोन्ही निदाने अपुरी आहेत. टोन सफाईने बदलायचा म्हणजे एक आवाज चटकन घालवायचा आणि दुसरा चटकन आणायचा, असे आपण धरून चालतो. चूक तिथेच होते. आवाज बदलत असताना काय चालू राहिले, कुणी काय धरून ठेवले, यावर सफाई ठरते. शेजारी काही न बदलता उभे असेल, तरच बदल अंगाला लागत नाही.

आधी यंत्राचे बघू. सिंथेसायझर मुळात विसराळू. १९७० चा मिनीमूग एका वेळी एकच सूर वाजवी आणि त्याला कोणताही आवाज आठवत नसे. आवाज म्हणजे खटक्यांची आणि गोल बटणांची एक मांडणी. ती दर वेळी हाताने करायची. वादक कागदावर बटणांचे नकाशे काढून ठेवत आणि दोन गाण्यांच्या मध्ये ते बघून बटणे फिरवत बसत. १९७८ साली सिक्वेन्शियल सर्किट्स कंपनीच्या प्रॉफेट-५ ने ४० आवाज लक्षात ठेवून दाखवले. १९८३ च्या यामाहा डीएक्स७ मध्ये ३२ आवाज आतच होते, कार्ट्रिज खोचले की आणखी मिळत. त्याच वर्षी मिडी ही वाद्यांची सामाईक भाषा आली; तिच्यात टोन बदलण्याचा स्वतंत्र हुकूमच आहे, १२८ आकड्यांपैकी एक आकडा पाठवला की झाले. आठवणीचा प्रश्न असा सुटला, पण सुटता सुटता एक वाईट सवय लावून गेला. बटण दाबले की यंत्र पाटी पुसून नवे लिहायला घेई. यात उद्धटपणा नव्हता, गरिबी होती. टोन म्हणजे नुसता सूर नव्हे. त्याला लावलेला घुमारा, प्रतिध्वनी, थरथर अशी संस्कारांची साखळी त्याच्यामागे असते, आणि ती चालवणारा प्रोसेसर मोजक्या ताकदीचा. ज्या पातेल्यात बासरीचा घुमारा शिजत होता तेच पातेले पेटीला लागायचे. म्हणून ते आधी उपडे करायचे, आणि बासरीची उरलीसुरली शेपटी त्यातच जायची. पुढे मेमरी स्वस्त झाली, प्रोसेसर दणकट झाले, तेव्हा कंपन्यांना दुसरे पातेले परवडू लागले. कोर्गच्या २०११ च्या क्रोनॉसवर किंवा यामाहाच्या २०१६ च्या माँटाजवर टोन बदलला तरी दाबून धरलेल्या पट्ट्यांचा जुना आवाज आपल्या घुमाऱ्यासकट जिवंत राहतो. बोटे उचलली की तो आपल्या गतीने विरतो, आणि नवा टोन नव्या बोटांखाली उगवतो. जाहिरातीत या सोयीला भारदस्त नावे आहेत. आतली युक्ती मात्र सप्ताहातल्या पहाऱ्याचीच: नवा येऊन उभा राहीपर्यंत जुन्याने जायचे नाही.

कीबोर्डवर टोनांची जुळणी साठवण्याला रजिस्ट्रेशन म्हणतात. हा शब्द मूळचा ऑर्गनचा. कोणकोणते स्वरसमूह उघडे ठेवायचे याच्या निवडीला ऑर्गनवादक तो वापरत. हा ऑर्गन मराठी रंगभूमीने मनापासून आपलासा केला. १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली, आणि पुढच्या काळात बालगंधर्वांचे पद म्हटले की मागे ऑर्गन, हे रसिकांच्या कानात पक्के बसले. पायांनी भाता हलवायचा, हातांनी पट्ट्या. पट्ट्यांच्या वर खुंट्यांची रांग, एक ओढली की सुरांचा एक थर खुला होणार. आता पद रंगात आलेले असताना हात काढून खुंटी ओढायची कशी? त्या वाद्याच्या कारागिरांनी हा पेच फार सुंदर सोडवला होता. पट्ट्यांच्या खाली, गुडघ्यांच्या उंचीवर दोन लाकडी दांडे असत. एका गुडघ्याने दांडा बाजूला रेटला की आवाज हळूहळू फुले, दुसऱ्या गुडघ्याने रेटला की सगळे थर एकदम उघडत, आणि गुडघा सैल सोडला की सारे होते तसे. हात थांबत नसत, पाय थांबत नसत, आणि बदल करी तो गुडघा, ज्याच्याकडे प्रेक्षकांतले कुणी बघत नसे. हातपेटीला ही चैन नाही. तिथे एक हात भात्याला बांधलेला, दुसरा पट्ट्यांना. म्हणून पेटीवाले खर्ज हवा की नर हे बैठक सुरू होण्याआधीच ठरवून खुंट्या ओढून घेतात आणि मग रात्रभर त्यांच्या वाटेला जात नाहीत. बदल करायला मोकळा अवयव नसेल तर बदल न केलेला बरा, हा त्यांचा हिशेब आजच्या शंभर बटणांच्या जमान्यातही खोटा ठरलेला नाही.

तमाशात तर धरून ठेवण्याचे काम माणूस नेमूनच दिलेले असते. शाहिराची ओळ संपत येते, श्वास उतरायला लागतो, आणि मागे उभे असलेले झीलकरी त्याच्या शेवटच्या अक्षरावर झडप घालून तो सूर वर ताणून धरतात. तेवढ्यात शाहीर श्वास घेतो, पुढची ओळ आठवतो, घाम पुसतो. ऐकणाऱ्याला गाणे थांबल्याचे जाणवत नाही, कारण ते थांबलेलेच नसते. फक्त दुसऱ्याच्या छातीत गेलेले असते. यांच्यातल्याच तुणतुणेवाल्याला सुरत्या म्हणतात. तुणतुण्याला तार एक आणि सूरही एक. त्यातून ना चाल निघते ना राग, म्हणून आपण एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणाऱ्याची ‘आपलेच तुणतुणे वाजवतो’ अशी टिंगल करतो. टिंगल करणाऱ्याने कधी तमाशाच्या कनातीत बसून ते तुणतुणे मनातल्या मनात वजा करून बघावे. गण संपून गौळण लागते, गौळणीतून बतावणी, बतावणीतून वग. चाल बदलते, ताल बदलतो, सोंगे बदलतात आणि या सगळ्या उलथापालथीत एक तार आपले तेच ते सांगत राहते म्हणून प्रेक्षकाला आपण एकाच ठिकाणी बसलो आहोत असे वाटते. कांताबाई सातारकर आणि रघुवीर खेडकर यांचा फड संगमनेरचा. काळाबरोबर अशा मोठ्या फडांच्या तंबूंत हिंदी गाणी आली, दिव्यांचे खेळ आले, कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड आले. तरी गणाला ढोलकी आणि तुणतुणे लागतेच. सनईच्या ताफ्यातही एकजण चाल वाजवतो आणि दुसरा नुसता सूर धरतो: नाकाने हवा घेत, गालातली सोडत, श्वासाची शिवण दिसू न देता. त्याला बिदागी कमी मिळत असेल, नावही कुणी विचारत नसेल. पण चाल वाजवणारा दम खायला थांबतो तो त्याच्या भरवशावर.

कीबोर्डवाल्याची अडचण इथे उघडी पडते. पाच जणांची कामे त्याच्या अंगावर आली; धरून ठेवणारा सहावा काही आला नाही. जाणते वादक हा सहावा स्वतःतूनच उभा करतात. कीबोर्डचे दोन भाग पाडायचे. खालच्या सप्तकात व्हायोलिनांचा मंद थर ठेवून तो डाव्या हाताने धरायचा आणि वरचा, उजव्या हाताचा टोन तेवढा बदलायचा. सगळी जुळणी एकदम पालटली तर दोन्ही हातांखालची जमीन सरकते. एकाच हाताचा टोन पालटला तर दुसरा पाय रोवलेला राहतो. कुणी सस्टेनच्या पॅडलवर पाय ठेवून शेवटचा सूर लांबवतात आणि तो उतरणीला लागल्यावरच बटणाला हात घालतात. कुणी एकावर एक दोन कीबोर्ड मांडतात: वरच्यावर बासरी वाजते आहे तोवर खालच्यावर पेटी तयार, आणि काही क्षण दोन्ही हात दोन यंत्रांवर. ज्या कामासाठी पूर्वी दोन माणसे बसत, त्यासाठी आता दोन यंत्रे बसतात, हे यातले गमतीचे. आणि सगळ्यांत मोठा सापळा टोनाचा नसतोच, पट्टीचा असतो. गाणारीचा गळा बसलेला असतो; ती म्हणते, काळी तीन झेपायची नाही, पांढरी चार घ्या. वादक ट्रान्सपोज एक घर खाली आणतो, मुखडा छान जातो. पुढच्या पीससाठी साठवलेले रजिस्ट्रेशन दाबले की त्याच्याबरोबर साठवलेली जुनी पट्टीही परत येते, आणि व्हायोलिनांचा अख्खा ताफा गाणारीच्या अर्धा स्वर वर जाऊन उभा राहतो. असा अपघात मैदानाच्या शेवटच्या टोकालाही ऐकू जातो. यावर कित्येक कीबोर्डांत एक सोय असते, तिचे नावच फ्रीझ: टोन हवा तो बदल, पण पट्टीला, गतीला, तालाला हात लावू नकोस. काय बदलायचे नाही हे सांगणारे बटण मुद्दाम करावे लागले, हा माझ्या म्हणण्याला कारखान्यातून मिळालेला पुरावा समजायला हरकत नाही.

गाण्यांच्या यादीच्या क्रमाने टोन लावून ठेवले की काम भागते, असेही सांगितले जाते. यादीबरहुकूम चालणाऱ्या सभागृहात ते भागते. जिथे फर्माईश चालते तिथे यादी पहिल्या अर्ध्या तासात फाटते. जामखेडच्या कला केंद्रांतली संगीत बारी यासाठी बघावी. बैठकीत एक लावणी चाललेली असते, समोरून दुसरीची मागणी येते, पैसे पुढे होतात, आणि गाणे अंतऱ्यावरून सरळ दुसऱ्याच चालीत वळते. पेटीमास्तर तोंड वर करून बघतही नाही. त्याच्या बोटांनी षड्ज सोडलेला नसतो, एवढेच त्याचे गुपित. त्याच न्यायाने मुरलेला कीबोर्डवाला एक घरचा टोन ठेवतो, बहुतेक वेळा पेटीचा. कुठल्याही आडरानातून त्याला तिथे एका बटणात परत येता येते आणि तिथून पुढे कुठेही जाता येते. यंत्रात पाचशे टोन असोत की हजार, घर एकच असलेले बरे.

महाग यंत्र घेतले की प्रश्न मिटतो, या आक्षेपाचा अर्धा भाग खरा आहे. पाटी पुसणारे यंत्र आणि जुना आवाज सांभाळणारे यंत्र यांत फरक आहेच, आणि तो ऐकू येतो. पण तिथेही मर्यादा ठरलेल्या असतात; माँटाजवर ही सोय ८ भागांपर्यंतच्या जुळणीला मिळते, त्यापुढे नाही. शिवाय यंत्र जपते तो नाद. घरी हेडफोन लावून जुळवलेली बासरी आणि सनई मैदानातल्या भोंग्यांतून सारख्या उंचीच्या निघत नाहीत. सनई कानात घुसते, बासरी जनरेटरच्या घरघरीत बुडते. कुठला टोन किती उतरवून साठवायचा हे त्या मैदानावर, त्या साउंडवर एकदा वाजवून बघितल्याशिवाय कळत नाही. सूर कुठे सोडायचा हेही यंत्र सांगत नाही. ओळीच्या मध्येच बटण दाबणाऱ्याला क्रोनॉस काय करणार? आणि उलट, साध्या कॅसिओवर समेच्या आधी सूर हलका करून, ढोलकीच्या तोडीखाली बटण दाबून नेणारे वादक याच जत्रांतून दिसतात. ढोलकी तेवढा वेळ मैदान सांभाळते. पोकळी पडलेली असतेच, पण ती ढोलकीच्या हद्दीत पडते.

दुसरा आक्षेप जरा तिरकस आहे: जत्रेत हे ऐकतो कोण? शिट्ट्या, पाळण्यांची कर्कश गाणी, शेवरेवडीवाल्यांच्या आरोळ्या, त्यात अर्ध्या सेकंदाची पोकळी कुणाच्या कानी पडते? कानी पडत नसेलही. पायांना पडते. नाचणारीच्या पायातले चाळ सुरावर नसले तरी सुराच्या भरवशावर चाललेले असतात. सूर तुटला की पाऊल पडते, पण तोलून पडत नाही, आणि ते पुढच्या रांगेतल्या माणसाला दिसते, कारण तो कानांनी कमी आणि डोळ्यांनी जास्त ऐकत असतो. गाणारीला पुढच्या ओळीची उचल घ्यायची असते. मागचा नाद एकदम गेला तर ती अंदाजाने घ्यावी लागते. प्रेक्षक ‘टोन नीट बदलला नाही’ असे कधीच म्हणणार नाही. ‘आज रंग भरला नाही’ म्हणेल आणि बिडी पेटवायला उठेल. आता वरातीत डीजे असतो, कीबोर्डचे दिवस गेले, म्हणणाऱ्यांनी डीजेवाल्याचे हातही बघावेत. एक गाणे उतरवताना त्याने दुसरे आधीच कानात लावून घेतलेले असते. दोघांचे ठोके जुळवल्याशिवाय तो दांडी सरकवत नाही. नाचणाऱ्या पोरांचा पाय थांबला तर आपले काय होईल हे त्याला पक्के ठाऊक असते.

झटका मुद्दाम हवा असतो, त्याचे काय? हा आक्षेप मला सगळ्यांत आवडतो. बतावणीत सोंगाड्या भलतेच काही बोलतो, आणि पेटी, ढोलकी, हलगी एका घावात गप्प होतात. हशा पिकतो तो त्या गप्प होण्यावर. गुळगुळीतपणा हाच गुण मानला तर हा घाव दोष ठरेल, आणि तसे मानणारा माणूस तमाशाला न गेलेला बरा. पण हा घाव आणि कीबोर्डची मुरगळलेली मान एक नाहीत. घाव सगळ्यांनी मिळून घातलेला असतो, आणि त्यानंतरची शांतता सोंगाड्या आपल्या चेहऱ्यावर धरून ठेवतो. ती मोकळी पडत नाही. कीर्तनातही बुवांचा हात वर गेला की पन्नास टाळ आणि पखवाज एका टिपेला थांबतात. वीणा तेवढी हलकेच छेडली जात असते, आणि निरूपणाचे पहिले वाक्य त्या तारेवर येऊन बसते. थोडे लांब जाऊन सांगायचे तर संगमनेरचे शाहीर अनंत फंदी (१७४४–१८१९) लावणी-तमाशा सोडून कीर्तनाकडे वळले, ते अहिल्याबाई होळकरांच्या सांगण्यावरून, अशी आख्यायिका आहे. अहिल्याबाई जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या, म्हणजे त्याच मुलखातल्या. आता त्या जिल्ह्यालाही त्यांचेच नाव आहे. डफ-तुणतुण्यातून टाळ-वीणेत जाणे, याहून मोठा टोनबदल कुठला? तरी ऐकणाऱ्यांना हे कुणी परके माणूस वाटले नसावे. लोकांना त्यांच्या फटक्यांतून जी जीभ ओळखीची होती, ती त्यांनी लावणीच्या घरी ठेवून येण्याचे कारण नव्हते.

उरला तो आक्षेप, ज्याला माझ्याकडे पुरे उत्तर नाही. कीबोर्डने सनईवाला घरी बसवला, क्लॅरिनेटवाला घरी बसवला, बासरीवाला आणि व्हायोलिनवालाही. फडाच्या गाडीत जागा वाचली, जेवणाची पाने कमी झाली. पाच जणांची पोटे एका बटणाखाली आली असताना ते बटण किती अलगद दाबले जाते याची वाखाणणी करणे, हे चोराच्या पावलांचा आवाज होत नाही म्हणून त्याचे कौतुक करण्यासारखे नाही का? आहे, काही अंशी. माणसे जमवणे परवडेनासे झाले म्हणून कीबोर्ड आला, हेही खरे. वाजवणारा काही मालक नव्हता, तोही त्या गाडीतलाच एक. पण निदान इतके म्हणता येते की ज्यांच्या जागा त्याच्याकडे आल्या त्यांच्या रिवाजांचेही देणे त्याच्याकडे आले. सनईवाला ओळ संपवताना सूर कसा खाली उतरवी, बासरीवाला कुठे श्वास घेई, एक संपवत असताना दुसरा कसा सुरू करी, हे ज्याला माहीत आहे त्याचा टोन आपोआप सफाईने बदलतो. पाच माणसे एकत्र वाजवत होती तेव्हा बटण दाबल्यासारखा बदल कधी होतच नव्हता. एकाचे विरणे आणि दुसऱ्याचे उगवणे एकमेकांवर येत असे, कारण माणसाला एका क्षणात संपता येत नाही.

यंत्रातली सनईसुद्धा कुणा माणसाचीच असते. कुठल्यातरी स्टुडिओत कुणीतरी काही सेकंद एक सूर फुंकलेला असतो. त्याची सुरुवातीची उचल जशीच्या तशी ठेवतात आणि मधला एक लहान तुकडा निवडून त्याची दोन टोके जोडतात. पट्टी दाबून धरली की तो तुकडा गोल फिरत राहतो. जोड ऐकू येऊ नये म्हणून शेवट उतरवत उतरवत त्याच्यावर सुरुवात चढवतात. हे काम करणाऱ्याला सप्ताहातली वीणा ठाऊक असण्याचे कारण नाही, पण त्याने केले तेच. फक्त इथे देणारा आणि घेणारा एकच आहे, आणि पाया पडायला समोर कुणी नाही. सूर धरणारा सनईवाला दमत असे. त्याचे गाल, त्याच्या नाकाने घेतलेला श्वास जवळ बसलेल्याला ऐकू येई. ही सनई दमत नाही. तिला दाबून धरायला मात्र बोट लागते, आणि बोटे दहाच. म्हणून काही पेटीवाले जी क्लृप्ती करत तीच काही कीबोर्डवाले करतात: खालच्या सप्तकातला षड्ज दाबून शेजारच्या पट्टीच्या फटीत काडेपेटीची काडी खोचतात. सूर धरला जातो आणि दोन्ही हात टोन बदलायला मोकळे होतात. काडी फार जोराने खोचली तर पट्टी अडकते, हलकी खोचली तर टिकत नाही. ढोलकी रंगात आली, स्टेजच्या फळ्या हलायला लागल्या की ती हळूहळू वर येऊ लागते, आणि वाजवता वाजवता करंगळीने तिला परत खाली दाबावे लागते.